मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'चहा घे' म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

माझी यशिका मॅट १२४ जी, १९७० साली बाजारात आलेलं फिल्म कॅमेऱ्याचं मॉडेल. शटरचे वरचे, जलद स्पीड ठीक चालायचे, पण एक सेकंद लावला की शटरची पाती उघडायची आणि मिटायचं नाव घ्यायची नाहीत. 'पार्ट मिळत नाही, शोकेसमध्ये ठेवा,' असं सांगून एका दुकानाने मला वाटेला लावलं होतं. तुम्ही कॅमेरा कानाशी धरलात, शटर दाबलंत आणि म्हणालात, "तुटलं काही नाही. वंगण सुकलंय." मग पुढचं भिंग उतरवलंत आणि स्लो स्पीडच्या इवल्या दातेरी चाकांवर ब्रशने पेट्रोल सोडलंत. पुन्हा पुन्हा. शेवटी मला ऐकवलंत: घर्रर्र... टक्. एक सेकंद, अगदी भरलेला.

भिंगातली बुरशीही तुम्हीच काढलीत. (मुंबईचा पावसाळा आणि चामड्याची बंद केस, बुरशीला आणखी काय हवं!) पण भिंगावरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, उरलेला डाग घासायला साफ नकार दिलात. "फोटोत दिसणार नाही. घासलं तर कोटिंगच जाईल." मी जास्तीचे पैसे द्यायला तयार होतो, तरीही. आता माझे कॅमेरे केसबाहेर, सिलिका जेलच्या डब्यात असतात.

उजेड मोजणाऱ्या मीटरचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल मिळेना, तर लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ १६ वर आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या (वेगाच्या) आकड्याइतकं, हे पाठ करून घेतलंत. आयएसओ ४०० च्या रोलला सगळ्यात जवळचं, १/५०० सेकंदाचं शटर. मीटरची आठवणही येत नाही.

आणि तो आग्फा क्लिक थ्री! १२० आकाराच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, फोकसची भानगडच नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले जुने अल्बम त्याच्यावरच भरलेत. भंगारातला एक माझ्यापुढे ठेवून स्क्रू ड्रायव्हर दिलात. "उघड. यात बिघडायला आहे काय?" जमवण्यापेक्षा उघडण्याची गोडी मला तिथे लागली.

तुम्ही घेऊ न दिलेल्या कॅमेऱ्यांबद्दल बायकोनेही वेगळे आभार कळवलेत. एक पेंटॅक्स के १००० बघून ठेवलाय. शनिवारी दाखवायला आणतो, पैसे अजून दिलेले नाहीत.

आपला,
यशिकावाला