बिजलीला पट्टा सोडून धावायला जागा हवी आहे

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, नाशिक यांस,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात पहाटे घराजवळच्या मोकळ्या मैदानावर मी बिजलीचा पट्टा सोडला. बिजली ही आमची गावठी कुत्री, अडीच वर्षांची. मैदानात कोणी नाही असं वाटलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक आजी पूजेची फुलं घेऊन आल्या आणि ही आनंदानं त्यांच्याकडे धावली. चावली नाही, अंगावरही गेली नाही. पण आजी मटकन खाली बसल्या, परडीतली जास्वंद मातीत पसरली. फुलं वेचून देताना त्यांचा थरथरणारा हात मला दिसत होता. चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून बिजलीचा पट्टा मी घराबाहेर सोडलेला नाही.

पण हातभर पट्ट्याला बांधून फिरवल्यानं तिची भूक भागत नाही. कुत्र्याला सुसाट पळायचं असतं, मनासारखं हुंगायचं असतं, दुसऱ्या कुत्र्याशी लोळून कुस्ती खेळायची असते. ते मिळालं नाही की ते घरात भुंकतं, चपला फाडतं, आणि शेजाऱ्यांशी आमची भांडणं लागतात. उद्यानांत आणि जॉगिंग ट्रॅकवर कुत्री नकोत, हे मला मान्य आहे. तिथे लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. शहराबाहेर न्यावं तर मळ्यांच्या बाजूला बिबट्याची भीती, आणि कुत्रं म्हणजे त्याची सोपी शिकार. मग जायचं कुठे?

लेकीकडे अमेरिकेत रेडमंडला होते, तेव्हा तिच्या कुत्र्याला घेऊन आम्ही मेरीमूर पार्कला जायचो. तिथे सुमारे ४० एकर जागा कुत्र्यांना मोकळं सोडायला राखून ठेवली आहे. पट्टा काढला की कुत्री गवतातून बाणासारखी सुटतात, सामामिश नदीत उड्या घेतात, आणि निथळत येऊन आपल्याच अंगावर पाणी झटकतात. जागेची देखभाल करायला स्वयंसेवक मदत करतात. नदीचा भाग मात्र आपल्याकडे नको. गोदावरीत लोक श्रद्धेनं स्नान करतात. आपल्या कुत्र्यांना एक उथळ हौद पुरे.

४० एकर मी मागत नाही. हैदराबाद महापालिकेनं कोंडापूरला २०१८ मध्ये श्वान उद्यान उभं केलं, ते जेमतेम १.३ एकरांत. उद्यानासाठी आरक्षित असूनही गाजरगवत आणि राडारोड्यानं भरलेला एखादा भूखंड सिडकोत, सातपूरला, पंचवटीत, कुठेही चालेल. माणसाच्या छातीएवढं जाळीचं कुंपण हवं. फाटकं मात्र एकामागे एक अशी दोनच हवीत: पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रं रस्त्यावर सुटत नाही. लहान जातींच्या कुत्र्यांना वेगळा कप्पा द्यावा, नाहीतर खेळता खेळता मोठं कुत्रं त्यांना चेंगरतं. गवत कापलेलं नसेल तर गोचिडांचा सुळसुळाट होतो, तेव्हा तेही नेमानं व्हायला हवं.

नियम कडक ठेवा. परवाना आणि दरवर्षीच्या रेबीज लसीचा दाखला दाखवल्याशिवाय आत सोडू नका. लसी पूर्ण न झालेली पिल्लं आणि माजावर आलेल्या कुत्र्या नकोत. विष्ठा मालकानंच उचलायची, न उचलल्यास दंड करा. प्रवेशाला शुल्क लावलंत तरी आम्ही आनंदानं भरू.

सिंहस्थाच्या कामांचा भार तुमच्यावर आहे, हे दिसतं आहे. तरीही या वर्षी निदान एक भूखंड निवडून द्या. कुत्र्यांना भिणाऱ्या माणसांना मैदान मोकळं मिळावं, हाही त्यातला माझा हेतू आहे. त्या आजी हल्ली मैदानाकडून येत नाहीत, लांबच्या रस्त्यानं देवळात जातात.

कुंपण घालून झालं की रोज सकाळी सहा ते आठ फाटकावर बसून दाखले तपासायला आणि नोंदवही लिहायला मी येईन.

आपली नम्र,
बिजलीची मालकीण, इंदिरानगर, नाशिक