यूकॉनने कॉन्फरन्स सोडली हे योग्यच झाले

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) अमेरिकी फुटबॉलवरील लेख मी दोनदा वाचला. एकदा सकाळी घाईत आणि पुन्हा रात्री, रागाच्या भरात आपण काही भलतेच तर वाचले नाही ना, याची खात्री करण्यासाठी. भलते वाचले नव्हते. २०२० मध्ये अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून यूकॉनने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, कॉन्फरन्सशिवाय फुटबॉल खेळणाऱ्या नामांकित नोटर डेम विद्यापीठाची ऐपत नसताना नोटर डेमचा थाट केला आणि आता मिळेल त्या कॉन्फरन्सची पायरी चढावी, असे लेखकमहाशयांचे म्हणणे आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून विचारते, की त्या कॉन्फरन्सच्या काळात ते ईस्ट हार्टफर्डच्या रेंट्श्लर फील्ड या यूकॉनच्या घरच्या मैदानावर किती शनिवार बसले होते?

मी बसले आहे. माझी मुलगी २०१६ ते २०२० यूकॉनला शिकत होती आणि बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होती, त्यामुळे हंगामाचे पास काढून आम्ही दोघे नवराबायको घरचा प्रत्येक सामना पाहत असू. २०१८ च्या नोव्हेंबरमधला एसएमयूविरुद्धचा सामना मी विसरू शकत नाही. एसएमयू म्हणजे डॅलसचा संघ. तिथून कनेक्टिकटला थंडीत कोण येणार? पाहुण्यांसाठी राखलेला भाग जवळजवळ मोकळा होता, आणि चाळीस हजारांच्या घरात माणसे मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये आमच्या रांगेत आम्ही दोघे, एक थर्मास आणि कुणीतरी विसरून गेलेला हातमोजा एवढेच होतो. धातू गार पडला की ओठाला लावता येत नाही, म्हणून ट्रॉम्बोनचे माउथपीस मुठीत धरून त्यावर फुंकर घालत उभी असलेली माझी मुलगी मला वरून दिसत होती. मध्यंतरात बँडने पूर्ण कार्यक्रम केला, एकही पाऊल चुकवले नाही, आणि टाळ्या वाजल्या त्या मोजता येण्याइतक्या. त्या हंगामात आमच्या संघाने सामन्यामागे प्रतिस्पर्ध्यांना सरासरी ५०.४ गुण दिले, हे लेखात आवर्जून छापले आहे. ते खरेच आहे. पण हा सगळा हंगाम कॉन्फरन्समध्ये असतानाचा आहे, ही गोष्ट लेखकाच्या नजरेतून कशी सुटली?

हरण्याचे दुःख मी समजू शकते. आपण कुणाशी खेळतो आहोत याचे कुणालाच काही वाटत नसणे, हे मला त्याहून वाईट वाटते. टल्सा, मेम्फिस, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, टँपा ही आमची कॉन्फरन्समधली भावकी होती आणि सर्वांत जवळचे घर फिलाडेल्फियाचे टेंपल विद्यापीठ. २०१३ मध्ये सात कॅथलिक विद्यापीठे ‘बिग ईस्ट’ हे नाव घेऊन वेगळी झाली तेव्हा आम्ही मागे उरलो, एवढाच या नात्याचा उगम. महिला बास्केटबॉल संघ त्या कॉन्फरन्सच्या सात वर्षांत तिच्यातला एकही सामना हरला नाही, एकशे एकोणचाळीस विजय आणि शून्य पराभव; ज्या घरात अशी परिस्थिती असते त्याला स्पर्धा म्हणत नाहीत. त्यातच २०१९ मध्ये कॉन्फरन्सने बारा वर्षांचा नवा दूरचित्रवाणी करार केला आणि बरेच सामने पैसे भरून पाहण्याच्या अ‍ॅपवर जाणार असे ठरले. आमच्या सासूबाई रिमोटवरचा एकच क्रमांक पाठ करून मुलींचे सामने पाहतात. त्यांच्यासारख्या शेकडो म्हाताऱ्या माणसांचा विचार कुणी केला होता?

म्हणून १.७ कोटी डॉलर भरून यूकॉन बाहेर पडले, बास्केटबॉल प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा या आपल्या माणसांत परत आले आणि बिग ईस्टमध्ये फुटबॉल खेळलाच जात नसल्याने फुटबॉल स्वतंत्र, म्हणजे कुठल्याही कॉन्फरन्सविना, झाले. २०२३ आणि २०२४ मध्ये पुरुष बास्केटबॉल संघाने लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. याबद्दल लेखात एक ओळही नाही.

आता लेखकाच्या मुद्द्यांकडे येते. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पाच जागा कॉन्फरन्स-विजेत्यांना राखीव असतात आणि स्वतंत्र संघाला ते दार बंद असते, हे मान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळे आपापल्या कॉन्फरन्समध्ये गुंतलेले असताना बारा प्रतिस्पर्धी जुळवणे कष्टाचे असते, हेही मान्य. मिशिगनला जाऊन ५९-० असा मार खाल्ला, तेही आठवते. मात्र लेखात दिलेले मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे उदाहरण इथे लागू पडत नाही. ‘सगळे खेळ घेऊन या, नाहीतर फुटबॉल बाहेर काढा’ असे मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने सांगितल्यावर ते बाहेर पडले आणि २०१६ ते २०२४ या नऊ हंगामांत चारपेक्षा अधिक सामने त्यांना एकदाही जिंकता आले नाहीत. आम्ही आपणहून निघालो. पहिला हंगाम कोविडमुळे झाला नाही, २०२१ मध्ये बारांपैकी एकच सामना जिंकला, आणि २०२४ मध्ये नऊ विजय मिळवले, त्यांतला शेवटचा बॉस्टनच्या फेनवे पार्कवर नॉर्थ कॅरोलायनाला २७-१४ असे हरवून. हे स्वतंत्र राहिल्याने घडले असा माझा दावा नाही. तेव्हाचे प्रशिक्षक जिम मोरा यांचे ते श्रेय. स्वतंत्र राहिल्याने अडले नाही, एवढेच मी म्हणते.

आणि २९ ऑक्टोबर २०२२ हा दिवस विसरू नये. बॉस्टन कॉलेज आमच्याकडे आले होते. गाडीने दोन तासांवरचा हा संघ, त्यामुळे आमच्या मागच्या दोन्ही रांगा त्यांच्या मरून कोटांनी भरल्या होत्या. पहिल्या डावापासून त्यांची आमची तोंडे लागली, नंतर त्यांनीच आम्हाला गरम सायडर दिले. आम्ही १३-३ असे जिंकलो, इतिहासात प्रथमच त्यांना हरवले. मुलगी तेव्हा नोकरीला लागली होती, बँडमध्ये नव्हती. ती माझ्या शेजारी उभी राहून बँडची प्रत्येक धून हाताने हवेत वाजवत होती. अशा शेजाऱ्यांशी खेळण्याची मुभा आम्हाला कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात फारशी नव्हती. दूरवरच्या कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये फुटबॉलपायी बास्केटबॉललाही पुन्हा ओढून नेऊ नये, एवढीच माझ्यासारख्या प्रेक्षकांची विनंती आहे.

जाता जाता दोन गोष्टी. लेखात स्वतंत्र संघाला ‘अपक्ष’ म्हणून निवडणुकीतल्या बंडखोराच्या पंक्तीला बसवणे मला खटकले. ‘स्वतंत्र’ हा शब्द आपल्या भाषेत आहे. आणि लेखासोबत जे छायाचित्र छापले आहे त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा गोल चेंडू आहे. अमेरिकी फुटबॉलचा चेंडू लांबट, तपकिरी असतो आणि त्यावर पांढरी शिवण असते. आपल्या दैनिकात अनेक वर्षे हीच चूक होत आली आहे. मी यापूर्वी दोन वेळा कळवले होते, दुरुस्ती मात्र छापून आली नाही. या वेळी ती छापावी.

आपली नम्र,
एक वाचक
मँचेस्टर, कनेक्टिकट