आजीचे तिकीट आणि बाबांची रजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, नातवंडे सांभाळण्यासाठी परदेशी जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांवरचा लेख वाचला. शिकल्यासवरल्या मुलांनी उतारवयातील आई-वडिलांना फुकटची आया करून ठेवले आहे, असा त्याचा एकंदर सूर होता. मी जर्मनीत स्टुटगार्ट येथे राहते, आम्हां दोघांच्याही नोकऱ्या आहेत आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे. तेव्हा तो रोख आमच्यासारख्यांवरच होता, हे उघड आहे. त्यातील बरेचसे खरे आहे आणि झोंबले तरी नाकारता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. लेखात आजी होती, आजोबा होते, लेक होती, सून तर होतीच होती. बाळाच्या वडिलांना मात्र लेखकाने उंबरठ्याच्या आत घेतलेच नाही. निदान जर्मनीपुरते तरी या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्याकडेच असते, म्हणून हे पत्र.

आधी येथील मराठी घरांतला शिरस्ता सांगते. बाळंतपणाला मुलीची आई येते, तिची मुदत भरत आली की सासूबाईंचे तिकीट निघते, आणि त्या परतल्या की पुन्हा आईच्या व्हिसाची जुळवाजुळव सुरू होते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, म्हणून या पाळ्या लावाव्या लागतात. दर वेळी नवी कागदपत्रे, बहुतेकदा येथील परदेशी नागरिक कार्यालयातून मुलाने किंवा जावयाने घेतलेले हमीपत्र, किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा, मुंबईतली व्हिसाची तारीख. हा विमा आधीपासूनच्या दुखण्यांना सहसा लागू होत नाही, आणि साठी ओलांडलेल्या माणसाची दुखणी आधीपासूनचीच असतात. घर, बँक, सोसायटीची कामे यांमुळे पुष्कळदा दोघे एकत्र येऊ शकत नाहीत. मग आजी इकडे मऊ भात कालवत असते आणि आजोबा तिकडे पुण्यात डबा लावून एकटे जेवत असतात.

आमच्याकडे सासूबाई नोव्हेंबरात आल्या होत्या. स्टुटगार्ट हे चहूबाजूंनी टेकड्या असलेले, खोलगट जागी वसलेले शहर आहे. गल्लीतून गल्लीत जायला दगडी पायऱ्यांचे जिने आहेत, आणि बाबागाडी घेऊन ते चढणे गुडघेदुखीच्या माणसाला शक्य नसते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. सकाळी आठला अंधार, दुपारी साडेचारला पुन्हा अंधार, मधल्या वेळात रिमझिम. या श्वाबेन प्रांतात केरवोखे नावाची पद्धत आहे: जिना आणि दारापुढचा रस्ता झाडण्या-पुसण्याची पाळी भाडेकरूंकडे आठवड्या-आठवड्याने येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकवली जाते. एका संध्याकाळी मी कामावरून परतले तर सासूबाई मुलीला झोळीत बांधून, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने जिना पुसत होत्या. पाटी पाहून त्यांनी खुणांनीच शेजारणीला विचारले होते आणि आपल्यामुळे सुनेला बोल लागू नये म्हणून पदर खोचला होता. त्यांना कोणी काम सांगितले नव्हते. पण आजीला घरी आणले की तिच्यावर काम पडतेच, सांगा अथवा न सांगा. आपल्या लेखकाचे हे निरीक्षण तंतोतंत आहे.

आता वडिलांकडे वळते. जर्मनीत मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आई आणि वडील या दोघांनाही, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत, एल्टर्नत्साइट म्हणजे पालकत्वाची रजा घेण्याचा हक्क आहे. सात आठवडे आधी लेखी कळवले की या तीन वर्षांत मालकाला ती नाकारता येत नाही, आणि रजेच्या काळात, काही अपवाद सोडता, नोकरीवरून काढता येत नाही. ही रजा बिनपगारी असते. तिच्या जोडीला २००७ पासून एल्टर्नगेल्ड हा भत्ता सरकार देते. बाळाच्या जन्माआधीच्या निव्वळ मिळकतीच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. हा भत्ता एका पालकाला १२ महिन्यांपर्यंत घेता येतो, आणि दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले तर एकूण १४ महिने मिळतात. हे दोन महिने दुसऱ्या पालकाने घेतले नाहीत तर ते बुडतात. ते पहिलीच्या नावावर जमा होत नाहीत. कायदा करणाऱ्यांनी ही मेख मुद्दाम मारून ठेवली आहे, आणि तिचा उपयोगही झाला आहे. आज भत्ता घेणाऱ्यांत सुमारे एक चतुर्थांश पुरुष असतात.

आणि आपले लोक? स्टुटगार्ट हे मोटारींचे गाव. चाकणच्या कारखान्यांतून आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतून येथे आलेले मराठी अभियंते पावलोपावली भेटतात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. या अभियंत्यांपैकी बहुतेकांना करसवलतींतील प्रत्येक खाचखळगा पाठ असतो, पण वडिलांच्या दोन महिन्यांचा विषय काढला की मंडळी पुढच्या वेळचे बघू म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा जर्मन सहकारी दोन महिने रजा टाकून बायको-पोरासह गाडीने पोर्तुगालपर्यंत भटकून येतो आणि परतल्यावर त्याची बढतीही होते, हे डोळ्यांनी पाहूनही आपल्याला धीर होत नाही.

कारणे अगदीच पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. चांगला पगार असणाऱ्याला १८०० युरोंत घरभाडे आणि विमा भागवताना ओढाताण होते. व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्यामुळे साहेबाच्या नजरेत खुपेल असे काही करू नये, ही भीतीही समजण्यासारखी आहे, जरी रजेत नोकरी कायमच राहत असली तरी. मात्र दोन आजींची विमानाची तिकिटे, विमे आणि व्हिसाचा खर्च यांची बेरीज करायला बसले की पैशांचा मुद्दा बराच सैल पडतो. राहते ते तिसरे कारण, आणि तेच सगळ्यांत जड आहे. माझ्या पतींनी रजेचे कागद भरले तेव्हा येथे कोणी भुवई उंचावली नाही. पुण्याहून मात्र फोनवर फोन आले. ‘बरे आहे ना सगळे? नोकरी गेली का?’ आणि त्यानंतर, जरा आवाज उतरवून, ‘अगं, पण तुझी आई येऊ शकली असती की!’

ते दोन महिने आम्ही बाळाच्या तेराव्या आणि चौदाव्या महिन्यासाठी राखून ठेवले होते, कारण किटात, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र असलेल्या संस्थेत, जागा त्याच सुमारास मिळणार होती. १ ऑगस्ट २०१३ पासून पहिल्या वाढदिवसानंतर प्रत्येक मुलाला संगोपनाची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क येथे आहे. हक्क कागदावर पक्का आहे, पण मोठ्या शहरांत जागांची आणि त्याहून अधिक बालशिक्षिकांची चणचण आहे, त्यामुळे पोट दिसू लागताच प्रतीक्षा-यादीत नाव घालावे लागते. जागा मिळाली म्हणजेही काम झाले असे नाही. पहिल्या दिवशी रडणारे मूल दारात सोपवून पाठ फिरवायची, हा आपल्याकडचा प्रकार येथे चालत नाही. आइनगेव्योनुंग म्हणजे मुलाला तेथे रुळवण्याची एक ठरावीक रीत असते. पहिले तीन दिवस पालकाने मुलासोबत तासभर खोलीत बसायचे. आपण होऊन खेळ घ्यायचा नाही, मूल परत आले तर जवळ घ्यायचे, नाहीतर कोपऱ्यात गप्प राहायचे. चौथ्या दिवशी मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचे, फार तर अर्धा तास. मूल शिक्षिकेच्या कडेवर शांत झाले तर पुढच्या दिवशी वेळ वाढते. नाही झाले तर पुन्हा बसून राहणे आले. गुपचूप निसटायला सक्त मनाई. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात, एखाद्या मुलाला त्याहून जास्त.

माझे पती, सहा फुटी गृहस्थ, वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन त्या कोपऱ्यात बसत. खोलीतल्या बाकीच्या पालकांत आणखी दोन बाबा होते. मुलगी कोणत्या आवाजाला दचकते, जेवताना वाटीतला वाटाणा आधी का वेचून काढते, झोप आली की डावा कान का ओढते, हे शिक्षिकेला सांगणारे घरातले माणूस तेच होते, आणि त्यांना ते ठाऊक झाले होते कारण त्या महिन्यांत दिवसभर घरी तिच्याजवळ तेच होते. हे काम आजीकडून होणार नाही असे नाही. पण शिक्षिका जर्मनशिवाय बोलत नाही ही एक अडचण, आणि दुसरी जास्त मोठी: ज्या माणसाच्या भरवशावर मुलाला रुळवायचे ते माणूस व्हिसा संपताच विमानात बसणार. नव्या जागेची सवय लागते न लागते तोच घरातले हक्काचे माणूस नाहीसे झाले की मूल दोन्हीकडून बावरते. ओळखीच्या घरांत मी हे पाहिले आहे.

किटाचा पहिला हिवाळा हा तर सर्दी-खोकल्याचाच हिवाळा. या वयाच्या मुलाला वर्षात आठ-दहा वेळा संसर्ग होणे डॉक्टर स्वाभाविक मानतात. ताप आला की किटातून दुपारी फोन येतो आणि कोणाला तरी काम टाकून धावावे लागते. त्यासाठीही सरकारी आरोग्यविम्यात सध्या दर मुलामागे प्रत्येक पालकाला वर्षाला १५ दिवसांची भरपाई मिळते. प्रत्येक पालकाला, हे पुन्हा सांगते, कारण बऱ्याच मराठी घरांत आईचे दिवस संपतात आणि बाबांचे तसेच पडून राहतात. किटाने फोनसाठी पहिला क्रमांक कोणाचा लिहून घेतला आहे, एवढे पाहिले तरी त्या घरची वाटणी कळते.

आजी-आजोबांनी येऊच नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमची मुलगी आज जे मराठी बोलते त्यातले अर्धेअधिक सासूबाईंच्या बडबडगीतांतून आणि काऊ-चिऊच्या घासांतून आले आहे. किटातील शिक्षिकाही घरी आपलीच भाषा बोला असे बजावतात, जर्मन ती तेथे शिकेलच. म्हणूनच वाटते की आजीने यावे ते वसंतात किंवा उन्हाळ्यात, दोघांनी मिळून, रात्री नऊपर्यंत उजेड असताना. मूल सकाळी किटात गेल्यावर त्यांनी बागेत फिरावे, दुपारी नातीला आणायला जावे, तिला गोष्टी सांगाव्यात, आणि कंटाळा आला तर नाही जमणार म्हणावे. ज्या घरात सगळा दिवस आजीवरच तोललेला असतो, त्या घरात तिला नाही म्हणता येत नाही.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने नवा मार्ग उघडला आहे: त्या तारखेला किंवा त्यानंतर कुशल कर्मचारी म्हणून पहिला निवास परवाना मिळालेल्यांना आपले आई-वडील आणि सासू-सासरे कायम राहण्यासाठी बोलावता येतात. ऐकायला गोड आहे, पण त्यांच्या निर्वाहाची आणि पूर्ण आरोग्यविम्याची तजवीज आधी दाखवावी लागते, आणि उतारवयात येथे येणाऱ्याला परवडेल असा विमा मिळणे फार कठीण आहे. त्याआधी आलेल्या आमच्यासारख्यांना तर हा मार्ग नाहीच. त्यामुळे तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या इतक्यात संपतील अशी आशा कोणी धरू नये.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे लेख येणार असतील तर एक विनंती आहे. जर्मनीत आणि युरोपातील इतर देशांत ज्या मराठी वडिलांनी अशी रजा घेतली त्यांना लिहिते करावे: किती महिने घेतले, पगारातून किती गेले, साहेब काय म्हणाले, आणि गावाकडे काय उत्तर दिले. मी लिहिले तर ती बायकोची बाजू ठरते. माझे पती लिहायला तयार आहेत; शब्दमर्यादा तेवढी कळवावी.

आपली,
एक वाचक, स्टुटगार्ट (मूळ पुणे)