त्या स्कॅनच्या पॅकेजबद्दल

प्रिय सोनू,

तू माझ्यासाठी बघितलेलं ते फुल बॉडी स्कॅनचं पॅकेज बघितलं गं, बुक करू नकोस एवढंच सांगायला लिहितेय, रागावू नकोस. त्याच्या जाहिरातीत खाली लिहिलंय ना की कॅन्सरचं लवकर निदान झालेले बहुतेक पेशंट पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, तिथेच सगळी गंमत आहे. समज एकाला त्रास व्हायला लागला म्हणून 67 व्या वर्षी कॅन्सर कळला आणि 70 ला तो गेला, म्हणजे तीन वर्षं जगला. तोच माणूस 62 ला स्कॅनमध्ये सापडला आणि तरी 70 लाच गेला, तर कागदावर आठ वर्षं जगला, पाच वर्षांच्या हिशोबात पास! आयुष्य एका दिवसाने वाढलं नाही, उलट आजारी म्हणून जगायची पाच वर्षं मात्र वाढली.

दक्षिण कोरियात हेच झालं. गळ्याची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली आणि थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 ते 2011 मध्ये 15 पट झालं, पण त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. म्हणजे ज्या गाठींनी कधीच काही केलं नसतं त्या शोधून काढल्या, बहुतेकांची ग्रंथी काढली आणि मग जन्मभर गोळी. पुढे 2014 मध्ये डॉक्टरांनीच बोंब मारली तेव्हा कुठे ऑपरेशनं कमी झाली.

आता म्हणशील आई सगळ्याच टेस्टच्या विरोधात आहे, तर तसं अजिबात नाही. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांवर ट्रायल झाली, सगळे 55 ते 74 वयाचे आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगरेट ओढलेले. निम्म्यांचा कमी डोसचा सीटी स्कॅन, निम्म्यांचा छातीचा साधा एक्सरे. 2011 मध्ये निकाल आला, सीटीवाल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी. इथे मृत्यू मोजलेत बघ, नुसतं किती सापडले ते नाही. अर्थात त्यातही संशय घेतलेल्या डागांपैकी शंभरातले 96 शेवटी कॅन्सर निघालेच नाहीत, तेवढ्या लोकांच्या जिवाला घोर मात्र लागला.

मी आयुष्यात सिगरेट ओढली नाही, मला कशाला घालतेस त्या मशीनमध्ये? माझं बीपी आणि शुगर मी वेळेवर तपासते, मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्सरेचं, डॉक्टरांशी बोलून ठरवेन. तुला खरंच कोणाला पाठवायचं असेल तर मामाला पाठव, रोज पाकीटभर ओढतो आणि साठी उलटलीय, माझं ऐकत नाही पण तुझं ऐकेल.

तुझी,
आई