मदरबोर्ड वाचवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

वाचनालयाचा कॉम्प्युटर आता मध्येच बंद पडत नाही. त्याबद्दल आभार आहेतच, पण तुम्ही निदान ज्या पद्धतीने केलंत त्याबद्दल जास्त.

आधीच्या दुकानाने विंडोज फॉरमॅट करून दिलं. निळा स्क्रीन पुन्हा आला तेव्हा 'मदरबोर्ड गेला' म्हणत नव्या बोर्डाचं कोटेशन हातात ठेवलं. तपासणी शून्य! याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घटनांची नोंदवही, उघडलात. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं; खरी खूण तिच्या आतल्या बगचेक कोडमध्ये, म्हणजे निळ्या स्क्रीनचं कारण सांगणाऱ्या क्रमांकात, असते. तिथे शून्य असता तर संशय आधी एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) किंवा उष्णतेवर गेला असता. इथे कधी २६, कधी ८०, कधी १०. ताज्या विंडोजवरही कोड असा दर वेळी बदलत असेल तर रॅम आधी तपासायची, हे तुम्ही लगेच ओळखलंत.

एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव वेग देणारी सेटिंग, बंद करून रॅम ३२०० वरून २४०० वर आणलीत, व्होल्टेज १.३५ वरून १.२ वर आलं, तरी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एरर आल्याच. म्हणजे दोष वाढवलेल्या वेगाचा नव्हता. मग रॅमची ८ जीबीची एकेक पट्टी (स्टिक) बोर्डावरच्या त्याच स्लॉटमध्ये घालून चाचणी, रात्रभर. घाईच्या चाचणीत खराब स्टिक सुटून जाते, कारण काही दोष चिप तापल्यावरच उघडे पडतात. आणि एकसुद्धा एरर चालत नाही. शेवटी चांगली स्टिक चारही स्लॉटमध्ये फिरवून पाहिलीत. बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि बोर्ड निर्दोष आहे हे कळतं ते इथेच.

पण मनात राहिली आहे ती चिकटपट्टी. खराब स्टिक तुम्ही परत दिलीत, वर पेनने लिहून: 'ही खराब. स्लॉट चारही ठीक. वॉरंटी बघा.' रॅमवर बऱ्याच कंपन्या लांब मुदतीची वॉरंटी देतात, हे दुकानात कोण सांगतं? ती स्टिक तुमच्याकडेच राहिली असती तरी कुणी विचारलं नसतं. ज्याचा माल त्याच्या हाती आणि दोष काय ते स्पष्ट लिहून, एवढा सरळपणा प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर असायला हवा.

स्टिक क्लेमला पाठवली आहे. तोवर ८ जीबीवर पुस्तकांच्या नोंदींचं काम व्यवस्थित चालतंय. बदली स्टिक आली की तीही रात्रभर मेमटेस्टवर ठेवूनच बसवणार.

तुमचे ऋणी,
वाचनालयाचे कार्यकर्ते