डबल डॅशनंतरचं फाइलनाव पर्याय म्हणून वाचलं जातं: तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कमांड-लाइन ऑप्शन लायब्ररीतील पार्सिंगचा दोष

महोदय,

कमांडसोबत दिलेले पर्याय वाचणाऱ्या आपल्या लायब्ररीचा सशुल्क परवाना आमच्याकडे आहे आणि फाइली हाताळणारं आमचं टूल तिच्यावरच चालतं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या दहाव्या मार्गदर्शक नियमानुसार ‘--’ आलं की पर्याय संपतात. पुढचं सगळं, डॅशने सुरू होत असलं तरी, साधं नाव मानायचं. आपल्या माहितीपुस्तिकेतही हेच लिहिलंय. सबकमांड (टूलच्या नावानंतर येणारी उपआज्ञा, जसं खालचं ‘काढा’) वापरली की मात्र तसं होत नाही.

उदाहरणार्थ ही कमांड:

टूल काढा -- -आर जुने

इथे ‘-आर’ ही फाइल आहे आणि ‘जुने’ हे फोल्डर. फाइल काढावी आणि फोल्डरला नकार द्यावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात ‘-आर’ हा आतल्या सगळ्यासकट काढण्याचा पर्याय समजला गेला. ती फाइल जागेवरच राहिली, अख्खं फोल्डर गेलं आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं सुरळीत’! एरर तरी आली असती, तर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती.

डीबगर लावल्यावर कारण सापडलं. मुख्य पार्सर (कमांड वाचून तिचे भाग ओळखणारा कोड) ‘--’ गिळतो आणि उरलेली यादी सबकमांडच्या पार्सरकडे देतो. तो कोऱ्या पाटीने सुरुवात करतो, पर्याय संपल्याचं त्याला कुणी सांगतच नाही. सबकमांड नसेल तर सगळं बरोबर चालतं. आपल्या चाचण्यांतून हे निसटलं ते बहुधा त्यामुळेच.

आमच्या आधीच्या तक्रारीवर आपल्या प्रतिनिधींनी फाइलनाव अवतरणचिन्हांत टाकायला सांगितलं. ती चिन्हं शेलच (टाइप केलेली कमांड प्रोग्रामकडे देणारा दुवा) काढून टाकतो, प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत. लायब्ररी विकणाऱ्यांकडून हे उत्तर यावं, याचं नवल वाटतं. दुसरा सल्ला होता ‘--’ दोनदा देण्याचा. आज तो चालेल. पण दोष दुरुस्त झाला की दुसरं ‘--’ फाइलनाव ठरेल. नाव डॅशने सुरू होऊ नये म्हणून त्यापुढे ‘./’ (म्हणजे ‘याच फोल्डरमधलं’) आम्ही आमच्या स्क्रिप्टमध्ये लावू, पण टूल वापरणारे नुसता ‘*’ (म्हणजे ‘सगळ्या फाइली’) देतात, आणि अशी नावं नेमकी तिथूनच घुसतात.

‘अपेक्षित वर्तन’ असा शेरा मारून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी. ‘--’ दिसल्याची खूण सबकमांडच्या पार्सरपर्यंत पोहोचवावी आणि ही दुरुस्ती आम्ही वापरतो त्या आवृत्तीलाही द्यावी. पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहणं आम्हाला परवडणारं नाही. तोवर माहितीपुस्तिकेत ठळक इशारा छापावा.

दोष दाखवणारा छोटा प्रोग्राम सोबत जोडला आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक