मुतारीचा बिल्ला आणि आपला अग्रलेख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाचा आपला अग्रलेख वाचला. कालच लिहायला बसलो होतो, पण हाताची थरथर बघून सौ.ने पेन काढून घेतले. आज गोळी घेऊन लिहितो आहे.

कामगार संघटनांच्या हावेपोटी महाराष्ट्रातले कारखाने बाहेर गेले, हे मी आपल्या दैनिकात गेली चाळीस वर्षे वाचतो आहे. मध्ये एकदा ‘आडमुठेपणा’ होता, एकदा ‘दुराग्रह’ होता, या खेपेला ‘हाव’ आहे. शब्दसंपत्तीबद्दल अभिनंदन. त्यावर कडी म्हणजे ‘पूर्वी मालक आणि कामगार एका कुटुंबासारखे नांदत’ हे वाक्य. पूर्वी म्हणजे नक्की केव्हा हो? कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी घरी बसू द्या म्हणून सहा वर्षे अर्ज करावे लागतात, असे कुटुंब मी तरी पाहिलेले नाही.

गिरणी संपाबद्दलही आपण एका ओळीत ‘अव्वाच्या सव्वा पगारवाढीसाठी’ असे लिहून मोकळे झालात. माझे थोरले मेव्हणे लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यात तेही होते. ठिणगी आदल्या दिवाळीच्या बोनसची होती, पगाराची मागणीही होती, नाही कोण म्हणतो? पण मेव्हण्यांच्या तोंडी एकच असायचे, ‘आमच्या वतीने बोलायचे कोणी, हे आम्ही ठरवायचे की नाही?’ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि कामगारांना ती युनियन आपली वाटत नव्हती. ती बदलायची म्हणून ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. मेव्हणे गावी गेले ते गेलेच. डॉक्टरांचे चुकले असेल, त्यावर वाद घाला. पण अडीच लाख माणसे नुसत्या हावेपोटी वर्ष-दीड वर्ष उपाशी राहतात, हे गणित मला या वयात सुटत नाही.

असो. मी मुंबईचा नाही, नाशिकच्या सातपूरचा. तिथल्या एका कंपनीत १९७६ ते २०१२ टाइम ऑफिसला होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी आणि वेळेची नोंद ठेवणारे खाते, ना इकडचे ना तिकडचे. कामगार आम्हाला मॅनेजमेंटचे हेर समजत आणि मॅनेजमेंट आम्हाला पंचिंग मशीनचा एक स्पेअर पार्ट. पण भांडण कुठून सुरू होते, ते आमच्या खिडकीतून जितके दिसते तितके संपादकांच्या खुर्चीतून दिसत नसावे.

१९८८ साली आमच्याकडे नवे वर्क्स मॅनेजर आले. हुशार माणूस, खोटे बोलणार नाही. स्टॉपवॉच घेऊन फिरायचे. प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन कमी का, याचा शोध घेता घेता ते मुतारीपर्यंत पोहोचले. माणसे जातात आणि येतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. थोडे खरेही होते. आमची मुतारी म्हणजे विडी ओढायची आणि आकडा लावायची जागा होती. पण उपाय काय, तर पितळी बिल्ले! प्रत्येक खात्याला दोन. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेले. बिल्ला घ्यायचा, रजिस्टरमध्ये वेळ टाकायची, जाऊन यायचे, पुन्हा वेळ टाकायची. साठ माणसांत दोन बिल्ले. सात मिनिटांच्या वर गेले की नावाखाली लाल रेघ. ही लाल रेघ मारायचे आणि दर शनिवारी तक्ता करून वर पाठवायचे काम टाइम ऑफिसचे. म्हणजे माझे.

पोरांनी पहिल्या आठवड्यात चेष्टेवारी नेले. बिल्ल्याचे नाव ठेवले ‘ताम्रपट’. ‘जरा ताम्रपट स्वीकारून येतो’ म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. हसत नव्हता एकच जण. चाळीसटनी पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर, पन्नाशीच्या पुढचा, साखरेचा आजार. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यातून गोळ्या आणायचा. त्याला पाळीत चार-पाच वेळा तरी जावे लागायचे आणि वेळही लागायचा. तिसऱ्या शनिवारी माझ्या तक्त्यात त्याच्या नावाखाली अकरा लाल रेघा होत्या.

सोमवारी मॅनेजरसाहेब तो तक्ता घेऊन खात्यात आले. केबिनमध्ये बोलावले असते तरी चालले असते. तसे केले नाही. मशीन थांबवून, पोरांच्या देखत विचारले, ‘एवढा वेळ आत काय करता?’ त्या माणसाचा थोरला मुलगा त्याच खात्यात हेल्पर होता. तोही तिथेच उभा. म्हातारा काही बोलला नाही. हातमोजे काढले, पुन्हा घातले आणि मशीन चालू केले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीत दोन्ही बिल्ले कोणीतरी प्रेसखाली घातले. पार पापड. एकावरचा ‘२’ हा आकडा तेवढा वाचता येत होता.

मग सुरू झाले ते नेहमीचे. कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान, तिघांना चार्जशीट, सस्पेन्शन. युनियनने टूल डाऊन केले, म्हणजे जागेवर बसून काम थांबवले. कंपनीने गेटवर टाळेबंदीची नोटीस लावली. त्रेपन्न दिवस. त्रेपन्न दिवसांत दोन लग्ने मोडली, एका बाईने मंगळसूत्र गहाण टाकले आणि गेटसमोरच्या चहावाल्याची उधारी इतकी चढली की तोच आधी गावाला पळाला.

आता मुद्दा ऐका. लेबर ऑफिसात बोलणी लागली तेव्हा युनियनच्या कमिटीपुढे प्रश्न पडला की मागणीपत्रकात लिहायचे काय. ‘आम्हाला लघवीला जाऊ द्या’ असे लिहायचे? चांगली पाच माणसांची कमिटी, पण एकाचीही हिंमत होईना. वकील म्हणाले, हसे होईल, पगाराचे लिहा. मग पगारवाढ लिहिली, घरभाडे भत्ता लिहिला, कँटीनचे ताट लिहिले. कराराच्या कागदावर शेवटी जे आले ते सगळे रुपये-पैशांत आले. बिल्ल्याचा त्यात एका अक्षराने उल्लेख नाही. तो खिळ्यावर परत आला नाही, एवढेच. आणि आपल्याच दैनिकात बातमी काय आली, माहीत आहे? ‘पगारवाढीवरून चिघळलेला सातपूरचा संप मिटला.’ ते कात्रण माझ्याकडे आहे. संप नव्हता तो, टाळेबंदी होती, ही बारीक चूक वेगळीच.

म्हणून म्हणतो, मागणीपत्रकावर रुपये दिसले की लगेच ‘हाव’ लिहू नका. अपमानासाठी त्या छापील कागदावर रकानाच नसतो. मग माणूस तो बेसिकच्या आणि डीएच्या रकान्यात भरतो. छत्तीस वर्षे मस्टर सांभाळले, गेटबाहेर चार-पाच वेळा तंबू लागलेला पाहिला. पैशांवरून ओढाताण चालायचीच, पण तंबू लागायच्या आधी कोणीतरी कोणाला चारचौघांत अरे-तुरे केलेले असायचे, नाहीतर मयतीला जायची रजा नाकारलेली असायची. नाहीतर सात महिन्यांनी ब्रेक दिलेला असायचा. २४० दिवस भरले की कायम करा म्हणता येते, ते भरू नयेत म्हणून पोराला नेमके सातव्या महिन्यात घरी बसवायचे आणि पंधरा दिवसांनी नव्या टोकन नंबरवर परत घ्यायचे, ही विद्या मला माझ्या साहेबांनीच शिकवली. मी ती इमानेइतबारे केली. पापाचा वाटा मला आहेच.

त्यातला मोठा वाटा अजून सांगायचा राहिला. टाळेबंदी उठल्यावर त्या तिघांची खातेनिहाय चौकशी झाली. म्हाताऱ्याचा मुलगा त्या तिघांत होता. बिल्ला कोणी घातला, हे कोणालाच सिद्ध करता आले नाही, तेव्हा ‘बिल्ल्यांविषयी आकस’ सिद्ध करायला माझे रजिस्टर काढले. मी कंपनीचा साक्षीदार. ‘या लाल रेघा तुम्हीच मारल्या ना?’ हो. ‘सही तुमचीच ना?’ हो. म्हातारा मुलाचा डिफेन्स बघायला बाहेर बाकावर बसला होता. मुलगा शेवटी वॉर्निंगवर सुटला, कामावरही आला. पण तोवर मला ‘अण्णा’ म्हणणारा तो म्हातारा त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत ‘साहेब’ म्हणत राहिला. टाइम ऑफिसच्या खिडकीवर कार्ड द्यायचा आणि म्हणायचा, ‘घ्या साहेब.’ मी काय साहेब होतो?

आपण अग्रलेखात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांचे, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांचे, स्वागत केले आहे आणि ‘आता औद्योगिक शांतता नांदेल’ असे भाकीत केले आहे. नांदेल बहुतेक. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप. आणि कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांवर, आता तीनशेवर. आमच्या कंपनीत तेव्हा तीनशे चाळीस होते. आज कायम माणसे साठ आहेत, बाकी सगळी ठेकेदाराची. शांतता आहे खरी. महाराष्ट्र सरकारने कारखान्यात दिवसाचे नऊचे बारा तास करायचे ठरवले, तेव्हाही आपण ‘कामगाराच्या लेखी संमतीनेच’ हे शब्द ठळक टाइपात छापले होते. सात महिन्यांच्या ब्रेकवरचा पोरगा लेखी असंमती कशी देतो, हे पाहायला एकदा आपला वार्ताहर पाठवा. चहा मी पाजतो.

माझ्या सुनेचा भाऊ नाशिकच्याच अंबडला एका कारखान्यात लाइनवर आहे. फोन गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा. लघवीला जायचे तर लाइन लीडरला हात वर करून सांगायचे आणि रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस आला की जायचे. रिलीव्हर दोन लाइनींना मिळून एक. बिल्ला नाही, हे कबूल. मी त्याला बिल्ल्याची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, ‘काका, बिल्ला बरा की. तो कुठे आहे ते तरी दिसायचं.’

जाता जाता आणखी एक. ईपीएस-९५ च्या, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांनी गेल्या आठवड्यात धरणे धरले, त्याची बातमी आपण पान सातवर, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीखाली चार ओळींत दिली. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये आहे. अजूनही हजारच. माझे नशीब थोर, मला २,१८६ मिळतात. छत्तीस वर्षांचे. साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागतो, ही आमची हावच म्हणायची. जाहिरातीतले तेल मात्र चांगले आहे, मी वापरतो. २४० रुपयांना बाटली.

पत्र लांबले. मागच्या वेळी आपण माझ्या पत्राचा मधला भाग कापून फक्त पहिला आणि शेवटचा परिच्छेद छापला होता, त्यामुळे मी मालकांचे आभार मानतो आहे असा अर्थ निघाला आणि कॉलनीत चार दिवस तोंड दाखवायला जागा राहिली नाही. या वेळी कापायचेच असेल तर लोखंडे आणि मेव्हण्यांचे कापा. बिल्ल्याचे कापू नका.

नाव छापू नये. म्हाताऱ्याचा तो मुलगा याच कॉलनीत मागच्या गल्लीत राहतो आणि आपलेच दैनिक घेतो.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर,
सातपूर, नाशिक